लाईन गेली की

आता लाईन गेली की मी हलत नाही.
ओट्यावर उकडलेल्या तुरीच्या शेंगा,
माझी नि वच्छलाची मिळून एकच परात.
ती अंधारातही भराभर सोलते
आणि टरफलं मुद्दाम माझ्या बाजूला टाकते.

तेहतीस वर्षं माझं जेवण अर्धं राहिलं.
घास तोंडाशी, तेवढ्यात बल्ब मेला
की मी उठलेलोच असायचो.
सायकलीला झुला, खिशात पकड,
आणि दारात कुणीतरी कंदील घेऊन,
"भोयरभाऊ, आमच्याच गल्लीची गेली न जी!"
गेलेली असायची सगळ्या गावाची.

निरोपाला साहेबांनी शाल दिली, नारळ दिला,
भिंतीवरचं घड्याळ दिलं, सेलवर चालणारं.
पहिला मीच हसलो.

पुढचे काही महिने मान खाली येईना.
बाजाराला निघालो तरी नजर वर,
कुठल्या चिनीला चीर, कुठे तारेला झोळ,
कावळीनं कुठे आमच्याच तारांचे तुकडे वेचून
घर बांधलं.
वच्छला म्हणाली, "शेणात पाय गेला तुमचा.
उतरा आता खाली."

उतरलो. हळूहळू.
खालीही बरंच होतं की.
कुंपणाला आपोआप चढलेला वाल.
नळ येण्याआधी नळाला येणारा खोकला.
दुपारच्या एसटीनं येणारा सकाळचा पेपर
मी संध्याकाळी वाचतो,
बातम्या तोवर निवलेल्या असतात.
डाव्या तळहातावरचा डाग, चौऱ्याण्णवचा,
थंडीत ओढतो;
जवसाचं तेल चोळलं की मांजरासारखा गप्प.

काल रात्री प्रफुल मडावी आला, नवा पोरगा,
गाडी चालूच ठेवून.
"काका, नाल्यापलीकडचा फाल्ट सापडूनच नाही राह्यला."
म्हटलं, मी रिटायर माणूस, शेंगा खा.
त्यानं दोन खाल्ल्या, उभ्याउभ्या.
चप्पल मी कधी घातली, कळलं नाही.

हरभऱ्याच्या धुऱ्यानं गेलो, पाय दवानं भिजले.
"आधी सबस्टेशनला फोन कर, बंद करून घे.
मग अर्थिंग टाक. मग देव आठव."
तो चढला.
मी खाली, हातात टॉर्च.
एवढ्या वर्षांत खांबाखाली उभं राहून
कुणाची वाट बघितली नव्हती मी.
खाली थंडी जास्त असते.
मान अवघडते, छाती उगाच धडधडते,
आणि वरचा माणूस काही बोलत नाही.
वच्छला ओट्यावर बसून हेच करायची काय
एवढी वर्षं?

जंपर तुटला होता. मला वाटलंच होतं,
पण बोललो नाही. त्याचा त्याला सापडू दिला.

उतरून म्हणाला, "टॉर्च बंद करा काका, आता येते."
सबस्टेशनचा फोन लागता लागेना.
ती पाच-सात मिनिटं
गाव तसंच पडलेलं,
हरभऱ्याच्या आंबेचा वास,
लांब कुठेतरी एक म्हातारं खोकणं,
आणि वर ह्या एवढ्या चांदण्या.
आयुष्यभर तारांच्या मधून बघत आलो यांना,
हिशेबात कधी धरल्या नाहीत.
एकही गेलेली नाही, कुणाची तक्रार नाही.
कोणत्या फीडरवर असतील?

"काय पाहता, काका?"
"काई नाही बापू. फाल्ट पाहून राह्यलो."

मग गाव एकदम लागलं.
"आलीऽऽ" म्हणून पोरं ओरडली,
जशी ती स्वतःच्या पायानं चालत आली.

घरी आलो तर आमच्याच ओट्यावर अंधार.
बटण वच्छलानंच बंद केलेलं.
परातीवर ताट झाकलेलं,
खाली माझ्या वाटणीच्या शेंगा, अजून कोमट.
"बसा," ती म्हणाली,
"टरफलं कोणाकडे पडली ते सकाळी पाहू."