आवक-जावक

पस्तीस वर्षं रबाळ्याच्या कंपनीत
स्टोअर सांभाळलं मी.
नटबोल्ट, गास्केट, पिंपं, हातमोजे;
आलं किती, गेलं किती, शिल्लक किती.
निवृत्त झालो, सवय उरली.
म्हणून कोपरखैरण्याच्या या दुसऱ्या मजल्यावर
कचऱ्याच्या बादलीला एके रात्री
मी ताणकाटा लावला.

सोमवार, एक किलो चारशे.
मंगळवार, एक किलो शंभर. शेरा : पाहुणे नव्हते.
बुधवारी इंदुमती म्हणाली,
"आता माझ्या सालींचाही पंचनामा?"

पंधरा दिवसांनी बेरीज मांडली
आणि खाली सही करायला हात धजेना.
तिच्या खात्यावर जवळपास काही नव्हतंच.
दोडक्याच्या शिरा चटणीत गेलेल्या,
कोथिंबिरीच्या काड्या आमटीत,
शिळ्या पोळीचा कुस्करा.
दुधाची पिशवीसुद्धा ती विसळते
आणि ते पाणी चहात ओतते.
बाकी सगळं माझं.
कोपऱ्यावरून आणलेली पार्सलं,
कॅरीबॅगेत कॅरीबॅग,
एका चमच्यासाठी घरपोच आलेलं खोकं
आणि खोक्यात भरलेली हवा.
इतकी वर्षं मला वाटायचं, घराचा हिशोब मी ठेवतो.

मग माझी बाजू आवरायला घेतली.
जुन्या पायजम्याची पिशवी शिवली, नाडीसकट.
मासळीबाजारात डबा नेला.
कोळीण म्हणाली, "डब्याचं पन वजन धरू का, काका?"
म्हटलं, वजा करा. एकशे ऐंशी ग्रॅम. नोंद आहे.
गॅलरीत रंगाच्या डब्याला भोकं पाडली,
सालींचा थर, सुक्या पानांचा थर,
आणि तिसऱ्या आठवड्यात अळ्या.
वरचे कुरियन नाक धरून खाली आले.
मी भुसा वाढवला, आंबट ताक शिंपडलं, माफी मागितली.
तेही वहीत आहे.

दिवाळीपर्यंत काटा तीनशेवर उतरला.
घंटागाडीपाशी द्वारकाबाईंनी बादली उचलली
आणि जड समजून लावलेला जोर
तसाच हवेत राहिला.
"काका, घरात मानूस कमी झालं का काय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.
"इचारावं लागतंय. मागं बारा नंबरची बादली
अशीच हलकी झाली.
चार दिसांनी कळलं, आजी गेल्या."
मग गाडीच्या दांड्याला लटकलेलं पोतं त्यांनी सारखं केलं,
त्यात बाटल्या, पुठ्ठा, दोन तुटक्या चपला.
"अन् समद्यांनीच असं केलं, तर यात काय भरू मी?"

त्यांची आवक माझ्या जावकीतून होते,
हे माझ्या एकाही रकान्यात नव्हतं.
उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.
तूर्त दुधाच्या पिशव्या धुतो,
चिमट्याने दोरीवर वाळत घालतो,
पन्नास झाल्या की सुतळीत बांधून
त्यांच्या हातात देतो.
त्या घेतात. पुरत नाही, हेही सांगतात.

एक रकाना मात्र दर महिन्याला वाढतो.
इंदुमतीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं,
चांदीची, दहा दहा घरांची,
घरंच्या घरं फोडून बाहेर पडलेली.
कशात जिरत नाहीत, कोणी विकत घेत नाही.
तुर्भ्याच्या ढिगात
ती आम्हा दोघांच्या पुष्कळ मागे राहतील.
काटा त्यांना हलतसुद्धा नाही.
त्या रकान्यात मी वजन लिहीत नाही,
नुसती खूण करतो : घेतली.

आणि बादली अगदीच हलकी असली
की जिना उतरता उतरता, विचारायच्या आधीच सांगतो,
दोघंही आहोत, द्वारकाबाई.
काल दुधीच्या सालींची चटणी होती.