चौदा नंबर

वॉर्डात पोटनिवडणूक आहे. आम्ही चौघंच उरलोय:
मी, हिलरी क्वेल्च, तिचा गुडघा धरलेला भाऊ,
आणि एक कॉलेजचा पोरगा, जो पत्रक टाकण्याआधी
प्रत्येक दाराचा फोटो काढतो. का, ते मी विचारलं नाही.

पत्रकावर खड्डे आहेत. दवाखान्याची रांग आहे,
समुद्रात सोडलेलं सांडपाणी आहे,
उमेदवाराचा कुत्रासुद्धा आहे, जीभ बाहेर काढून.
युरोप नाही.
"आत्ता नको," लंडनहून आलेला मुलगा म्हणाला,
"आधी निवडून तर येऊ."
लाल गप्प, निळे तर काडीमोड आपणच घेतला म्हणून खूश,
आणि आम्ही पिवळे,
ताकाला जाऊन भांडं लपवता लपवता
भांडं कुठे ठेवलंय तेच विसरलेले.

हॉथॉर्न क्लोज, घर नऊ. क्लॅरन्स टॅपसेल.
एकतीस वर्षं बस चालवली, इथून डोव्हरपर्यंत.
दार उघडून त्याने पत्रक उजेडात धरलं,
उलटं केलं, परत सुलटं केलं.
"तो शब्द शोधतोय," म्हणाला. "चष्मा बदलून येऊ का?"

मी खड्ड्यांबद्दल बोलायला लागले.

"बाई, मी बाहेर पडा म्हणून मत दिलंय.
उद्या विचारलंत तर परत तेच देईन.
पण विचारा तरी!
या चौदा नंबरचंही तसंच. एका सकाळी खिडकीतून पाहतो तर
बस आली आणि पुढच्या सीटवर कोणी नाही.
सीटच नाही.
कौन्सिल म्हणे, सहा महिन्यांची चाचणी.
कोणाची चाचणी? बसची की माझी?"

मग दारातच उभ्याने त्याने सांगितलं,
की रस्त्यावर पहिल्यांदा वाफेच्या गाड्या आल्या
तेव्हा कायदाच होता: गाडीपुढे एक माणूस चालणार,
हातात लाल निशाण.
"लोक हसतात त्या कायद्याला. मीही हसायचो.
आता वाटतं, त्या माणसाचं पुढे काय झालं?
निशाण कुठे ठेवलं त्याने? घरी बायकोला काय सांगितलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे अजून दीडशे पत्रकं होती.

परतताना पाय बोलायला लागले म्हणून चौदा नंबरच घेतली.
स्वच्छ, गार, जरा जास्तच सभ्य.
चर्चच्या वळणावर थांबली.
रस्त्यात एक सीगल, चिप्सचा कागद ओढत.
बस वाट बघत राहिली. आम्हीही.
दूर कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी खोलीत
कोणीतरी पडद्यावर तो पक्षी पाहत असेल,
आणि ठरवत असेल, जावं की नाही.
तीन मिनिटं. चार.
"पार्लमेंटसारखंच की," मागून कोणी म्हणालं, आणि कोणी हसलं नाही.

उतरताना पुढच्या बाईने सवयीने
"थँक्यू, ड्रायव्हर" म्हटलं,
आणि कानापर्यंत लाल झाली.
मग मीही म्हटलं. मुद्दाम. मोठ्याने.

त्या रात्री एका पत्रकावर, कुत्र्याच्या शेजारी,
पेनने एकच ओळ लिहिली:
युरोपात परत जावं का? तुमचं मत काय?
आणि सकाळी नऊ नंबरच्या दारात सारली.

दुपारी ते माझ्याच पायपुसण्यावर पडलेलं होतं.
बसच्या पाटीवर असतात तशा मोठ्या अक्षरांत: नाही.
खाली, जरा बारीक: विचारल्याबद्दल थँक्यू.

यादीत त्याच्या नावापुढे 'विरोधी' असं टाकायचं असतं.
हिलरीने दोनदा विचारलं.
मी पेन शोधतेय म्हणाले.