जवारी

तीन पॅनेलं मांडलीत टेबलावर.
पहिलं साडेचार हजारांचं, बटण दाबलं
की पिठाच्या डब्याचं झाकण वाजतं.
दुसरं जड. उघडून पाहिलं,
आत नुसती लोखंडी पट्टी चिकटवलेली.
तिसरं विट्याच्या एका पोरानं घरी छापलेलं,
अक्षरं तिरकी, फ्लॅपमधला प अर्धाच,
पण चाकांचा दांडा मुठीत असा येतो
की खुर्चीत सरळ बसावं लागतं.
उंचीचा नॉब मात्र डुगडुगतो.

इलाहीभाई दुकान बंद करून आले,
हाताला अजून भोपळ्याचा भुसा.
डोळे मिटून नॉब फिरवला,
कानाशी नेऊन परत फिरवला.
"माल बरा आहे. जवारी लागली नाही."
खिशातून तंबोऱ्याचा सुती दोरा काढला,
बोटभर तोडला, नॉबच्या बुडाशी सरकवला.

टक्.
टक्.
शंभर-शंभर फूट, मोजून घ्यावेत असे.

जेवणं झाल्यावर कवलापूरच्या पट्टीवरून उठलो.
पडद्यावर मिरज नाहीच,
इस्त्री केल्यासारखं नुसतं हिरवं.
मागं स्टुलावर इलाहीभाई, गुडघे आवळून:
"आपलं दुकान आलं की सांगा."

मी दांडा वर घेतला.
म्हटलं, हे काय, आत्ताच गेलं खालून.