अठ्ठेचाळीस पूर्णांक पाच

सावळजच्या ज्युनिअर कॉलेजात बाह्य परीक्षक म्हणून गेलो
तेव्हा द्राक्षं उतरायचे दिवस होते.
शेजारच्या बेदाणा शेडमधला गंधकाचा वास
खिडकीतून आत येत होता,
आतला ॲसिडचा बाहेर जात होता,
दोघांचं एकमेकांशी काही भांडण नव्हतं.

प्रयोग तिसरा. उदासिनीकरणाची उष्णता.
तांब्याचा कॅलरीमापी अख्ख्या कॉलेजात एक.
त्याच्या पेटीतलं फेल्ट उंदरांनी कधीच खाल्लेलं,
म्हणून परिचर बाबालाल मुलाणींनी
जुन्या घोंगड्याचा तुकडा गुंडाळून वर सुतळी आवळलेली.
"टोचतंय, पण ऊब धरतंय," म्हणाले.

पन्नास मिली आम्ल, पन्नास मिली आम्लारी.
दिसायला दोन्ही पाणीच.
एकात एक ओतलं की वाफ नाही, बुडबुडा नाही, आवाज नाही;
फक्त पारा जरा वर सरकतो,
कुणीतरी हाक मारल्यावर मान वर करावी तसा.

बावीस जर्नलं तपासली.
सत्तावन्न पूर्णांक एक. सत्तावन्न पूर्णांक तीन.
पुन्हा सत्तावन्न पूर्णांक तीन.
गाईडचं पान मला पाठ आहे.
तेविसाव्यात अठ्ठेचाळीस पूर्णांक पाच,
पुढं उणे चिन्ह,
खोडरबराची खूण कुठंच नाही.

कोळेकर मायाक्का बिरू.
नाव तिनं हळू सांगितलं.
"सुरुवातीचं तापमान?"
"सव्वीस पूर्णांक चार."
"शेवटचं?"
"बत्तीस पूर्णांक दोन."
"म्हणजे पाच पूर्णांक आठ वाढलं. पुस्तकाप्रमाणं किती वाढायला हवं?"
"सहा पूर्णांक आठ. साधारण."
"मग एक अंश गेला कुठं?"

ती कॅलरीमापीकडं बघत राहिली.
"थोडा तांब्यात गेला, सर. थोडा ढवळणीत.
झाकण नीट बसत नाही, तिथनं थोडा वर गेला.
आणि झाकण मी दाबून धरलेलं.
थोडा माझ्या हातात."

नियमाप्रमाणं मी पुढचा प्रश्न विचारला:
उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया, घरातली.
"बोर्डोसाठी चुना विझवतात ती.
पहिल्या वर्षी चुलत्यानं प्लॅस्टिकच्या बादलीत विझवला,
बादली एका अंगाला वाकडी झाली.
तिच्यात आता म्हैस पेंड खाती."
आणि शोषणारी?
"युरिया. बॅरलमध्ये ढवळताना कोपरापर्यंत हात बधिर होतो.
आई म्हणती, पाण्याला हीव भरलं.
मी त्यातच प्यायच्या पाण्याची बाटली बुडवून ठेवते."

"आणि हे उणे चिन्ह? उष्णता तर मिळाली आपल्याला."
"आपल्याला मिळाली, सर. त्यांनी दिली.
देणाऱ्याच्या पासबुकात उणेच पडतं."
मागं ब्युरेट धुताना मुलाणी खाकरले,
किंवा हसले; पाठ होती, दिसलं नाही.

तीसपैकी अठ्ठावीस दिले.
दोन कापले, कारण किलोज्यूल प्रति मोल
लिहायचं राहिलं होतं, आणि तेवढं तरी
परीक्षकानं बघायलाच हवं.

निघताना मुलाणींनी चंचुपात्रात चहा दिला.
"नवीन आहे, सर. यानं अजून ॲसिड बघितलं नाही."
काच पातळ, चहा उकळता.
रुमालात धरला तरी बोटं भाजली,
आणि तो निवेपर्यंत मी व्हरांड्यात उभा राहिलो,
किती निवला, किती माझ्यात आला,
याचा हिशोब न करता.

मिरजेच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली.
मणेराजुरीच्या पुढं कुणाच्या तरी बागेत
निळा बॅरल, त्याच्यावर वाकलेला माणूस,
आणि हात झटकून कानाच्या पाळीला लावणं.

घरी माळ्यावर माझं बारावीचं जर्नल आहे.
प्रयोग तिसरा, सुवाच्य अक्षर, सरांची लाल सही.
उत्तर सत्तावन्न पूर्णांक तीन.
त्या दिवशी पारा कुठवर चढला होता
ते मला काही केल्या आठवत नाही.