फेरफार

पहिल्या आठवड्यात त्यानं माझी सुटकेस भिजवली,
दुसऱ्यात शिलाई मशीनचा पाय,
तिसऱ्यात कूलरची जाळी.
यावलचा मे महिना, कूलर लावल्याशिवाय गत्यंतर नाही,
आणि लावला की बोक्याचं म्हणणं
स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यापर्यंत.

बोका हेमलताताईंचा. माझ्या आधीच्या.
नाव सर्कल. रोज हद्द फिरून येतो म्हणून
ह्यांनी ठेवलेलं; हे मोजणी खात्यात,
घरातलं मांजरसुद्धा महसुली.

माय शहाद्याहून फोनवर,
“गोणीमा भर नि तापीपार सोडी ये.”
बऱ्हाटेवहिनी म्हणाल्या फिनेल, नाहीतर मिरचीपूड,
नाहीतर सरळ चप्पल.
मी फिनेलनं पुसलं. फरशी वाळते न वाळते
तोच हा भिंतीला पाठ करून उभा,
शेपूट ताठ, टोक थरथरतंय,
त्याच जागी, त्याच उंचीवर
पुन्हा नोंद.

केळीच्या खोक्याला भोकं पाडली,
मांडीवर घेतलं, जळगावची एसटी पकडली.
कंडक्टर म्हणाला, कोंबडी का?
म्हटलं, बोका.
तो दोन सीट मागं जाऊन बसला.

डॉक्टर फेगड्यांचा पहिला प्रश्न, “उभ्यानं करतो की बसून?”
मी इकडंतिकडं बघून म्हटलं, उभ्यानं.
तरी त्यांनी लघवी तपासली. खडा नाही, जळजळ नाही.
“हा मुतत नाही हो, लिहितो.
भ्याला की जास्त लिहितो.
घरात नवीन काय आलंय?”
म्हटलं, मी.
डॉक्टर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

ऑपरेशन तिथंच झालं. वय सहा,
सवय जुनी, लगेच जाईल असं नाही, म्हणाले.
फिनेल बंद: वास पुसला गेला की तो घाबरून परत लिहितो.
डाग खाणारी पावडर दिली, रात्रभर ओली ठेवायची.
ओरडायचं नाही. (हे मी ह्यांनाही सांगितलं.)
मागच्या खिडकीला खालून हातभर कागद चिकटवला,
कारण केळीच्या वखारीतला एककान्या
कुंपणावर बसून आत बघायचा, सावकारासारखा.
भुशाची दोन घमेली, दोन खोल्यांत.
आणि मऊ कापडानं त्याचे गाल चोळायचे,
तेच कापड दाराच्या कोपऱ्यांवर, सुटकेसवर, मशीनवर.
गालाचा वास असेल तिथं तो सहसा लिहीत नाही म्हणे.
शिलाईतल्या चिंध्या माझ्याकडं पोत्यानं.
तो पहिल्या दिवशी ओरबाडून गेला.
पाचव्या दिवशी डोळे मिटले.

लोखंडी कपाटाखालून मात्र वास जाईना.
उघडलं तर खालचा खण भिजलेला,
त्यात हेमलताताईंच्या सात साड्या.
आधी त्यानं इथं लिहिलं होतं,
माझ्याही आधी, ती दवाखान्यातून परत आली नाही तेव्हा.
कुणी वाचलं नव्हतं.

मी धुतल्या. गच्चीवर वाळत घातल्या.
हे कचेरीतून आले, वर आले,
आणि हद्दीचा दगड जागेवर नसावा
तसे दोरीपाशी उभे राहिले.
एका पदराला नाक लावलं. साबण.
मला म्हणाले, “ऊन कडक आहे, रंग उडेल, आत घे.”
एवढंच.
रात्री भाकरी अर्धीच खाल्ली.
मी विचारलं नाही. मला यायलाही नको होतं विचारता.

पावसाळा कोरडा गेला. घरात म्हणते मी.
दिवाळीला नणंद आली नाशिकहून,
चाकांची जांभळी बॅग, दारातच ठेवली.
सर्कल आला, हुंगला, वळला, शेपूट ताठ.
नणंद किंचाळली. मी पावडर आणायला धावले,
तोंडानं अगंबाई, अगंबाई,
आणि पोटात, खोटं कशाला सांगू, लाडू फुटला.

रात्री पलंगाखालून माझी सुटकेस ओढली.
कोरडी.
कोपऱ्यावर तीन पांढरे केस,
गालाच्या उंचीवर.