आडनाव सप्टेंबर

माझं आडनाव सप्टेंबर.
हसा, सगळेच हसतात. या फेरीत
तेवढ्यासाठी दोन मिनिटं राखून ठेवली आहेत.
मग मी सांगतो: गलबत केपटाउनच्या धक्क्याला
ज्या महिन्यात लागलं,
त्या महिन्याचं नाव चिकटवलं माणसाला,
पोत्यावर डकवतात तसं.
आमच्या शेजारी फेब्रुवारी राहतात. वरच्या गल्लीत एप्रिल.
दोन घरं सोडून जून.
त्यांचं आमचं बोलणं नाही,
लग्नातल्या कुठल्याशा पातेल्यावरून.

कॅमेरे खाली येतात.
चला, म्हणतो मी. दगड निसरडे आहेत, जपून.

आज रविवार, टेकडीवरची तोफ गप्प.
एरवी ठीक बाराला उडते,
पाहुणे दचकतात, कबुतरं दचकतात,
बो-कापमधल्या बायका फक्त भाताखालची आच कमी करतात.

रविवारी तोफेऐवजी वास:
बडीशेप, वेलची, सुंठ,
वाळवून कुटलेली संत्र्याची साल.
रुगाया मावशी फजरपासून चुलीपुढे.
रात्रभर फुगलेलं पीठ तेलात सोडलं
की आपणहून कूस बदलतं.
मग पाकात. मग खोबऱ्यात.
हे कूसिस्टर, मी सांगतो.
म्हणजे डोनटच ना? एक बाई विचारतात.
मावशीला ऐकू येत नाही.
मावशीला ऐकू छान येतं.

घरांना इतके रंग का, हा प्रश्न ठरलेला.
कुणी सांगतं, गुलामी सुटली म्हणून.
कुणी म्हणतं, ईदसाठी.
आमच्याकडे पिवळा स्वस्त मिळाला होता.

ढोल दाखवतो: घूमा.
मुळात दारूचं पिंप.
मालकांनी पिऊन रिकामं केलं,
दारूला न शिवणाऱ्या आमच्या माणसांनी
त्यावर कातडं ताणलं.
वर्षाचा पहिला दिवस त्यांच्या मेजवानीची भांडी घासण्यात जायचा,
म्हणून आमचं नवं वर्ष दुसऱ्या दिवशी.
अजून तसंच. अजून त्याच पिंपावर.

निळ्या घरापाशी मी थांबत नाही.
तिथे मी जन्मलो, हे फेरीत नाही.
घरपट्टी वाढत गेली, आम्ही वर वर सरकत गेलो,
आता दाराला कुलपाऐवजी आकडे आहेत.

पण आज त्याच बाई म्हणाल्या,
आम्ही इथेच उतरलोय! आणि फोन पुढे केला:
स्वयंपाकघराची भिंत. रंग खरवडताना सापडलेल्या
चार ओळी अरबी अक्षरांत.
नव्या मालकांनी वर काच बसवलीय, छोटा दिवा लावलाय.
किती सुंदर दुआ, त्या म्हणाल्या.
वाचून दाखवाल?

अक्षर आजोबांचं.
लिपी मदरशातली, भाषा मात्र घरातली, आफ्रिकान्स.
आमच्याकडे ती आधी अशीच लिहीत.
मी मनात वाचलं:
साखर दोन पौंड, बाकी.
कोळसा, बाकी.
जूनचं मोठं तांब्याचं पातेलं, एक कान तुटका,
आपल्याकडे. परत करणे.

मागे मावशीचा झारा थांबला.
पाकाचं पातेलं तिने पदराआड घ्यावं
इतकं लहान नाही ते.
डाव्या बाजूला कान नाही.
पन्नास वर्षं आम्ही त्या लोकांना
चोर म्हणत आलो.

दुआच आहे, मी म्हणालो.
कशाची?
परत करण्याची.

बाईंनी डोळे मिटले, हात छातीवर ठेवला.
मावशीने एक ताट काढलं, बारा मोजून ठेवले,
जरा थांबली, आणखी चार.
झाकायला स्वच्छ फडकं शोधत राहिली,
समोरच होतं तरी.

खाली जूनच्या अंगणात कुणीतरी
ढोलाचं कातडं विस्तवावर शेकत होतं.
एक थाप. अजून ढिली.
शेकणं पुन्हा सुरू.

मी घसा साफ केला.
आता आपण जाऊ देशातल्या सर्वांत जुन्या मशिदीकडे, म्हणालो,
वाटेत एका दारापाशी
जरासं थांबावं लागेल.