चतकोर

सेंट लुईस, एकोणीसशे साठ. टेबलावर पाकिटांचा ढीग,
प्रत्येक पाकिटात एक दुधाचा दात.
हिल्डेगार्ड ऑब्रेख्ट चष्मा पुसते, पाकीट फोडते,
दात कार्डावर चिकटवते आणि शेजारी लिहिते:
जन्म कधी. गरोदरपणी आई कुठे राहत होती.
अंगावर पाजलं, की बाटलीनं.

दुधाचा दात.
तिच्या वडिलांच्या जर्मनमध्येही त्याला हेच नाव.
ते इतकं शब्दशः खरं होईल
असं कुणाला वाटलं होतं?
नेवाडाच्या वाळवंटात ढग उठला,
वारा त्याला पूर्वेकडे घेऊन आला,
पाऊस गवतावर पडला, गवत गाईनं खाल्लं,
आणि पहाटे पायरीवर बाटली वाजली.

हाड वजन विचारत नाही.
ते फक्त रांग बघतं: कॅल्शियमच्या खालचा का तू?
मग घरचाच. ये, बैस.
अठ्ठ्याऐंशीचा स्ट्रॉन्शियम असाच येऊन बसला होता
जग झालं तेव्हापासून, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
नव्वदचाही तसाच आला. तोच चेहरा, तेच हात,
पोटात फक्त दोन न्यूट्रॉन जास्त,
आणि त्या दोघांमुळे एक चुळबुळ.

समस्थानिक म्हणजे एवढंच.
एकाच पाटावर बसणारे,
वागण्यात डावं-उजवं करता येऊ नये असे,
निदान
त्यातला एक उठेपर्यंत.

आर्लेटा बोव्हेनं दातासोबत चिठ्ठी पाठवली होती, पेन्सिलीनं:
*परीला कृपया सांगा की दात तुमच्याकडे आहे.
नाहीतर ती उशीखाली शोधत बसेल.*
हिल्डेगार्डनं कार्ड भरलं. चिठ्ठी फाईलला लावायची नव्हती,
ती तिनं पर्समध्ये ठेवली.
परीनं तरी पाव डॉलर ठेवला.

आता हिशेब.
एकोणतीस वर्षांच्या आसपास निम्मे जातात.
कोणते, ते विचारू नका. शेजारी शेजारी बसलेले दोन,
एक आज दुपारी उठेल, दुसरा तीनशे वर्षं हलणार नाही,
आणि दोघांत फरक शोधाल तर सापडणार नाही.
आमच्या भाषेत याला शब्द आहेत, ते भाकरीचे:
अर्धी. चतकोर. नितकोर.
त्यापुढे भाषा थांबते, कारण भूक तिथे थांबते,
किंवा भाकरी.
हा मात्र नितकोराचीही अर्धी मोडतो
आणि ताट कधीच पुसून उठत नाही.

दोन हजार अठरा. आर्लेटा चौसष्टची.
तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवून
तोंड उघडून खुर्चीत पडलेली.
डॉक्टर सेनाद हाजिओस्मानोविच, साराजेवोहून आलेले,
आरसा फिरवत म्हणतात, दाढ वाचेल,
वर झिर्कोनियाची टोपी बसवू.
आणि ती हसते. तोंडात कापूस असताना हसते.
डॉक्टर हात थांबवतात. दुखलं का?

कसं सांगणार, कापसातून?
की तो नव्वद उठतो तेव्हा एक इलेक्ट्रॉन फेकतो
आणि इट्रियम होतो, दोन-तीन दिवसांचा पाहुणा,
मग आणखी एक फेकतो
आणि झिर्कोनियम होऊन बसतो. कायमचा. शांत.
की कुठल्यातरी कपाटात, तिच्या नावाच्या कार्डावर,
सहा वर्षांच्या पोरीचा दात
त्याच्यापुरती टोपी स्वतःच घडवत बसलाय,
अणूअणूनं, कुणी न सांगता.

टोपीतला झिर्कोनियमही निम्मा नव्वदचाच असतो,
हे ती मुलांना शिकवायची.
एक समुद्रकाठच्या वाळूतून आलेला, एक ढगातून.
समोरासमोर ठेवा, ओळखता येणार नाहीत.
अणूला गाव विचारून उपयोग नाही,
त्याच्याकडे पत्ता नसतो.
पत्ता असतो कार्डाकडे.

चावून बघा, डॉक्टर म्हणतात. उंच लागतंय का?
ती चावते. नाही, बरोबर आहे.
जिभेनं चाचपते: गुळगुळीत, गार, परकं, आपलं.

तिकडे अजून चतकोर शिल्लक आहे.